पद्मावहिनी आणि भिंतीतले राघू

माझं माहेर काशीचं आहे असं कळलं की जबलपूरच्या आमच्या शाळेतल्या बायका आधी आदराने बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे तुमच्या घरी सगळे पूजापाठातलेच असतील ना?" तसे आहेत. माझा मोठा भाऊ गोपीनाथदादा वेदपाठशाळेत शिकवायचा. पण ब्रह्मा घाटावर आमच्या घराची ओळख त्याच्यामुळे नव्हती. ती होती त्याच्या बायकोमुळे, माझ्या पद्मावहिनीमुळे. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची.

वहिनी दुर्गाघाटची. लग्न करून आली ती दोनचार गल्ल्या ओलांडून. पांढरी साडी घट्ट खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि पाठ अशी ताठ की तिच्या शेजारी उभं राहिलं की आपणही नकळत सरळ होतो. मोहल्ल्यात तिला 'ड्रिलवाली बहनजी' म्हणत. गल्लीत सांड आडवा बसला की लोक दुसऱ्या वाटेने जात. वहिनी त्याच्या पाठीवर थाप मारून "चलो, उठो" म्हणायची आणि तो खरंच उठायचा. दादा तिच्या अगदी उलट. तो इतकं हळू बोलायचा की त्याने जेवायला बोलावलं तरी आम्हाला दोनदा विचारावं लागे.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यातली. दरवर्षी सुट्टी लागली की वहिनी शाळेतल्या मुलींना घेऊन पहाडात जायची. तंबूत राहायचं, चालायचं, नदीत पाय सोडून बसायचं. त्या वर्षी पिथौरागढकडे जायचं ठरलं होतं आणि त्यासाठी तिने हौसेने एक दुर्बीणही घेतली होती. एप्रिलमध्ये मुलींना लाकडी घोड्यावरून उडी मारायला शिकवत असताना एक मुलगी घाबरून मागे सरली. वहिनीने "हे बघ, अशी" म्हणत स्वतः उडी मारली. उडी छान झाली. उतरताना घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. मुली दुसऱ्या बाईंबरोबर पहाडात जाणार हे ठरलं आणि वहिनी दुर्बिणीसकट घरी राहिली.

मी मे महिन्यात सुट्टीला पोचले तेव्हा वाटलं होतं की ती खाटेवर पडून असेल, वैतागलेली असेल. मी चार दिवस तिची सेवा करीन, मग आपल्या माहेरपणाला लागेन. दादाने दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. "छतावर," तो म्हणाला. आमच्या बनारसी मराठीत गच्चीला छतच म्हणतात.

वर ताडपत्रीच्या सावलीत वहिनी खुर्चीत बसली होती. प्लास्टरचा पाय स्टुलावर, डोळ्यांना दुर्बीण. मी "वहिनी!" म्हणून हाक मारली तर तिने मागे न बघताच हात वर केला.

"गप्प. डोकं बाहेर काढतोय."

"कोण?"

"तिसरा. दोघांनी कालच काढलं. हा भित्रा आहे. ये, बस, पण आवाज करू नकोस."

अशी माझी सुट्टी सुरू झाली.

आमच्या छतासमोर, मध्ये गल्ली सोडून, बिंदुनानांच्या घराची नदीकडची उंच दगडी भिंत आहे. बिंदुमाधव शेवडे हे त्यांचं नाव, सगळे बिंदुनाना म्हणतात. रेल्वेतून रिटायर झालेले, बायको सीताकाकू दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा दूर नोकरीवर. त्या भिंतीत कधीकाळी लाकडी तुळया होत्या. त्या काढल्यावर चौकोनी भोकं राहून गेली. मी लहानपणापासून ती भोकं बघत आले होते आणि त्यांत पोपट असतात हेही मला माहीत होतं. पण बघणं म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात कळलं.

वहिनीने मला दुर्बीण दिली. "वरच्या रांगेतलं डावीकडचं बघ. थांब, आता बाप येईल." आणि हिरव्या रंगाची एक रेघ नदीवरून सरळ आली, भिंतीशी वळली आणि भोकाच्या काठाला चिकटली. गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ, लांब शेपटी दगडावर टेकवलेली. आतून एक विटलेलं, पिसं धड न आलेलं डोकं पुढे झालं. राघूने मान हलवत हलवत त्याच्या चोचीत घास उतरवला. मग दुसऱ्याच्या. तिसरं पिल्लू आतच राहिलं. त्याच्यासाठी राघू कमरेपर्यंत भोकात शिरला, नुसती शेपटी बाहेर.

"लाड करतोय," वहिनी म्हणाली. "मी असते तर बाहेर बोलावलं असतं."

त्या भिंतीवर पोपटांच्या तीन जोड्या होत्या. खालच्या एका भोकात पिंगळ्यांचं बिऱ्हाड. दिवसाढवळ्या तोंडाशी येऊन बसायचे आणि आपण बघतोय हे लक्षात आलं की मान खालीवर करून आपल्यालाच निरखायचे. एका भोकावरून साळुंक्यांची आणि पोपटांची रोज भांडणं. साळुंकी आत काड्या नेऊन ठेवी, पोपटीण त्या बाहेर फेकी. वहिनी खेळाच्या मैदानावर असल्यासारखी ओरडे, "ए, फाउल आहे हा! मागून नाही यायचं!" खाली होड्यांच्या बांबूवर खंड्या बसे आणि नेम धरून पाण्यात पडे. संध्याकाळी उन्हाचा तडाखा उतरला की पाकोळ्यांचे थवे छतांच्या मधून किंचाळत जात, आणि पलीकडच्या तीरावरून पोपटांचे थवेच्या थवे शहरातल्या झाडांकडे परतत. दादा चहा घेऊन वर आला की तोही थांबे. एकदा तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "आमच्या पाठशाळेतल्या मुलांपेक्षा बरे. सगळे एका सुरात ओरडतात."

चहा हवा असला की वहिनी शिट्टी वाजवायची. प्लास्टरमुळे जिना उतरता येत नव्हता आणि खाली हाक पोचत नव्हती, म्हणून शाळेची शिट्टी तिने घरीही गळ्यातून काढली नव्हती. एक छोटी शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे पाणी. गल्लीतल्या लोकांनाही हे पाठ झालं होतं. "बहनजी की चाय," म्हणत ते पुढे जात.

एका सकाळी बिंदुनानांच्या भिंतीशी बांबू येऊन पडले. दुपारपर्यंत परांची बांधायला सुरुवात झाली. वहिनी खुर्चीतून अर्धी उठली.

"नाना! परांची कसली?"

नाना आपल्या छतावर आले. "अगं, भिंत करून घेतोय. वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्यात. हल्ली सगळीकडे 'पेइंग गेस्ट'च्या पाट्या लागल्यात बघतेस ना? भोकं बुजवायची, प्लास्टर करायचं, वर पिवळा रंग. पाऊस यायच्या आत उरकतो."

"भोकांत पिल्लं आहेत नाना."

"दरवर्षी असतात. पोपटांना काय, इथं नाही तर तिथं."

"मोठे जातील. पिल्लांना पंख कुठं आहेत?"

नानांनी हात हलवला आणि ते खाली गेले. मिस्त्री बांबू बांधत राहिला. वहिनीने दुर्बीण माझ्याकडे दिली.

"सुनीती, कुबड्या घे. मी खाली जातेय."

"डॉक्टरांनी जिना..."

"डॉक्टरांनी पाय टेकू नको म्हटलंय. बसून जायला नाही म्हटलेलं नाही."

आमचा जिना काशीतल्या जिन्यांसारखाच, उभा आणि अंधारा. वहिनी वरच्या पायरीवर बसली आणि एकेक पायरी सरकत उतरायला लागली. दादा पुढे उलटा उतरत होता, तिचा प्लास्टरचा पाय दोन्ही हातांत धरून. मी मागून कुबड्या घेऊन. मध्येच दादा म्हणाला, "अगं, मी बोललो असतो नानांशी." वहिनी म्हणाली, "तुम्ही बोललात ते त्यांना ऐकू येईपर्यंत भिंत पूर्ण झाली असती." दादा हसला आणि पाय थोडा उंच धरला.

नानांच्या अंगणात, जिथे परांचीचे बांबू रोवत होते तिथेच, वहिनीने खुर्ची मागवली आणि बसली. मला वाटलं आता भांडण होणार. गल्लीतल्या दोघीचौघी बायकाही तेवढ्यासाठी दारात येऊन उभ्या राहिल्या. पण वहिनीने आधी विचारलं ते भिंतीबद्दल.

"नाना, पाणी कुठून झिरपतं?"

नाना जरा गोंधळले. "वरून. कठड्याच्या बाजूने. नव्या खोल्यांना ओल आली तर राहील कोण?"

"बरोबर आहे. भिंत व्हायलाच हवी." मग ती मिस्त्रीकडे वळली. त्याचं नाव हनीफ. "मिस्त्रीजी, अंदर का काम कितना है?"

"तीन कमरे हैं बहनजी. फर्श है, गुसलखाना है, कठड़ा है।"

"तो पहले अंदर का कर लो, फिर कठड़ा, और दीवार सबसे आख़िर में। बरसात से पहले सब हो जाएगा कि नहीं?"

हनीफने वर भिंतीकडे बघितलं, मग नानांकडे. "हो तो जाएगा। काम तो उतना ही है, इधर से करें चाहे उधर से।"

"बघा," वहिनी नानांना म्हणाली. "तुमचं काहीच अडत नाही. पंधरा-वीस दिवसांत पिल्लं उडतील, मग भिंत."

"आणि नाही उडाली तर? त्यांनी तुला सांगून ठेवलंय का?"

"मी रोज बघतेय नाना. उडणार."

हे तिने अगदी सहज म्हटलं. दारातल्या बायका हसल्या. नानाही मग हसले आणि म्हणाले, "बरं बाई, भिंतीला आधी हात लावत नाही. झालं?" वहिनी आली तशीच परत गेली, यावेळी जिना उलटा चढून, बसल्या बसल्या. वर पोचल्यावर तिचा चेहरा घामाने डबडबला होता. पाय दुखत असणार. पण तिने फक्त एवढंच विचारलं, "तिसऱ्याने डोकं काढलं का?"

पुढचे काही दिवस चांगले गेले. आतून हातोड्यांचे आवाज येत, बाहेर परांची नुसती उभी. पोपटांना तिची सवय झाली, इतकी की राघू भोकात जाण्याआधी बांबूवर बसून पिसं साफ करायचा. तिसऱ्या पिल्लाने अखेर डोकं काढलं आणि जगाकडे बघून लगेच आत घेतलं.

मग एक पहाट उजाडली. आम्ही छतावरच झोपायचो. तांबडं नुकतं फुटत होतं, घाटावर स्नानाची गर्दी होती. मला जाग आली ती पोपटांच्या ओरडण्याने. नेहमीचा गोंगाट नव्हता तो, एकसारखी, फाटल्यासारखी किंकाळी. मी उठेपर्यंत वहिनी खाटेवर बसली होती. परांचीवर, वरच्या रांगेपाशी, एक माणूस उभा होता. गळ्यात कापडाची झोळी. त्याचा एक हात खांद्यापर्यंत भोकात होता.

वहिनीने शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. चहाची नव्हे, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धावणाऱ्या मुलींना जागच्या जागी थांबवणारी. ती थांबलीच नाही. घाटावरची माणसं पाण्यातून माना वर करून बघू लागली, होडीवाल्यांनी वल्ही उचलली, गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. परांचीवरचा माणूस भोकात हात अडकल्यासारखा तसाच राहिला.

वहिनीने शिट्टी काढली. "झोली में कितने हैं?"

त्याने झोळी छातीशी धरली.

"मैं पूछ रही हूँ, कितने हैं?"

"दो," तो म्हणाला. मग घाईघाईने, "बहनजी, हम अपने मन से नहीं आए हैं। बाबूजी बुलाए हैं।"

तेवढ्यात नाना पंचा गुंडाळून आपल्या छतावर आले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता वहिनी त्यांना सगळ्यांसमोर सोलून काढणार. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा त्या माणसाकडे वळली.

"पुलिस को नहीं बुलाती। लेकिन जो निकाला है, वापस रखो। एक-एक करके। जहाँ से निकाला, वहीं।"

"कौन किसका है, अब क्या मालूम?"

"मुझे मालूम है। एक-एक ऊपर उठाओ, मुझे दिखाओ।"

तिने दुर्बीण लावली. त्याने झोळीतून एक पिल्लू काढून उंच धरलं. ते त्याच्या बोटाला चावत होतं. "बाएँ वाला," वहिनी म्हणाली. दुसरं लहान होतं, पिसांत अजून करडे खुंट दिसत होते. "ये बीच वाले में। धीरे से। पैर पहले।" त्याने ठेवलं. मग तो परांचीवरून उतरला आणि कुणाकडे न बघता गल्लीतून निघून गेला.

वहिनीने दुर्बीण खाली केली आणि समोरच्या छताकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाना, वर या आमच्याकडे. चहा घ्यायला."

नाना आले. पंचा बदलून, सदरा घालून, मान खाली घालून. दादाने त्यांना खुर्ची दिली. सगळ्यांचं लक्ष भिंतीकडे होतं. पोपट परत येत नव्हते. घाटावरच्या पिंपळावरून ते उडायचे, भिंतीपर्यंत यायचे, परांचीजवळ घिरटी घालून ओरडत मागे फिरायचे. ऊन चढायला लागलं. पिल्लांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"नाही आले तर?" मी विचारलं.

"येतील," वहिनी म्हणाली. पण चहाचा कप तिने तसाच ठेवला होता.

नाना खाली बघत बोलायला लागले. "पद्मा, मी शब्द मोडला नाही. भिंतीला हात लावला नाही मी. वाटलं, तशीही भोकं बुजणार आहेत. दोन पोपट पिंजऱ्यात ठेवावेत. पाहुणे आले की राम राम म्हणतील."

"पाहुण्यांसाठी?"

नाना थांबले. "सीता गेल्यापासून त्या घरात कुणी बोलत नाही गं. ती दिवसभर काही ना काही बोलत असायची. आता सकाळी उठलं की पहिला आवाज होतो तो माझ्याच चपलांचा. म्हटलं, पोपट तरी बोलेल."

 वहिनीने दुर्बीण उचलली, तिची काच पदराने पुसली आणि नानांच्या हातात दिली.

"हे बघा तुम्ही. माझे डोळे दुखायला लागलेत."

नानांनी दुर्बीण लावली आणि त्यांना ती धरता येईना. दादाने मागून त्यांचे हात सरळ केले. मग ते एकदम पुढे झुकले.

"आली! पद्मा, ती आली बघ. बिनकंठाची. मादी ना ती?"

पोपटीण भोकाच्या काठावर बसली होती. तिने मान तिरकी करून आत बघितलं, बाहेर बघितलं, परत आत बघितलं. आणि शिरली. थोड्या वेळाने मधल्या भोकाशीही दुसरी आली. नाना दुर्बीण खाली घ्यायलाच तयार नव्हते. "अरे, ही तर घास भरवतेय," ते म्हणाले. "माझ्या भिंतीत आणि मला पत्ता नाही."

"नाना," वहिनी म्हणाली, "तुम्ही मला भिंतीचा शब्द दिला होता. आता पिल्लांचा द्या."

"दिला."

"आणि सकाळचा चहा इथे. बोलायला मी आहे. दमलात की यांच्याशी बोला," तिने दादाकडे बोट केलं, "म्हणजे विश्रांती होईल."

त्या दिवसापासून नाना रोज येऊ लागले. पोपटांमध्ये त्यांची आवडनिवड तयार झाली. खालच्या पिंगळ्यांवर त्यांचा विशेष जीव बसला, कारण ते मान हलवून त्यांच्याशी बोलतात असं त्यांचं ठाम मत होतं. परांचीपाशी कुणी अनोळखी फिरकलं तर आता वहिनीच्या आधी नानाच ओरडायचे.

पिल्लं उडायला लागली ती एकामागून एक. डावीकडच्या भोकातली पहिली दोन तर आम्ही चहा गाळेपर्यंत गेलीसुद्धा. तिसरं मात्र काठावर यायचं, पंख हलवायचं आणि आत पळायचं. राघू समोरच्या बांबूवर बसून त्याला बोलवायचा. त्या सकाळी आम्ही चौघंही छताच्या कठड्याशी होतो. पिल्लू काठावर आलं. इतकं पुढे आलं की त्याची नखं दगडाच्या कडेवर घसरायला लागली. मला वाटलं, वहिनी आता ओरडून त्याला सूचना देणार.  पण ती कठडा घट्ट धरून नुसती पुढे वाकली होती. पिल्लू घसरलं, पडलं, पडता पडता पंख उघडले, आणि वेडंवाकडं, फडफडत, गल्लीवरून आमच्या अगदी डोक्यावरून जाऊन घाटावरच्या पिंपळात घुसलं. आतून पानांचा आणि ओरडण्याचा असा काही आवाज आला की नाना टाळ्याच वाजवायला लागले.

"उतरणं शिकायचंय अजून त्याला," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसले.

भिंत झाली. वेळेत झाली, पावसाच्या आधी. पिवळा रंगही लागला. पण भोकं बुजवायच्या वेळी नानांनी हनीफला थांबवलं आणि सांगितलं, त्यांच्याभोवती नीट काठ बांध, आतून पाणी येणार नाही असं बघ, आणि तशीच सोड. हनीफ म्हणाला, "बाबूजी, किराया इनसे भी लेंगे क्या?" पुढच्या वर्षी आलेल्या पाहुण्यांना नाना पहिल्या सकाळी गंगेआधी ती भिंत दाखवायचे, हे मी स्वतः बघितलंय. आणि वहिनी त्यानंतरही दर उन्हाळ्यात मुलींना घेऊन पहाडात जात राहिली, फक्त निघायची तारीख पिल्लं उडाल्यानंतरची ठेवू लागली. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं तेव्हा तिने खरं कारण सांगितलं आणि त्यांनीही ते मान्य केलं.

पण त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात आवडलेलं अजून सांगायचं आहे.

जूनच्या सुरुवातीला वहिनीचं प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी काठी घेऊन थोडं थोडं चालायला सांगितलं. घरी येताच ती म्हणाली, "महिनाभर त्या वाळूकडे बघतेय. आता जायचं."

ब्रह्मा घाटाच्या समोर, नदीच्या पलीकडे, वस्ती नाही. नुसती वाळू. बनारसचे पुरुष नावेतून तिकडे जातात, वाळूत बसतात, बाटी-चोखा म्हणजे कणकेचे गोळे आणि वांगी भाजून खातात, नाहतात, दिवस घालवून येतात. त्याला 'बहरी अलंग' म्हणतात आणि ती पुरुषांचीच मौज समजली जाते. वहिनीने दुर्बिणीतून तिथे पांढरे पक्षी घिरट्या घालताना बघितले होते आणि ते जवळून बघायचे असं ठरवलं होतं. तिने गल्लीतल्या बायकांना विचारलं. अर्ध्या लाजल्या, अर्ध्या तयार झाल्या. सर्वांत आधी तयार झाल्या प्रभावतीमावशी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, आमच्या शेजारच्या. त्यांच्या खिडकीतून जन्मभर ती वाळू दिसत आली होती आणि मजेसाठी म्हणून त्यांनी तिथे कधी पाय ठेवला नव्हता.

घाटावर पायऱ्यांवर बसलेला एकजण म्हणाला, "बहनजी, अब औरतें भी बहरी अलंग जाएँगी?"

"क्यों?" वहिनी काठी टेकत उतरत म्हणाली. "गंगाजी किसी के नाम लिखी हैं क्या?"

नावाडी रामजतन निषादने नाव पाण्यात लोटली. ऊन व्हायच्या आत पोचायचं होतं. नदी उन्हाळ्याची, आक्रसलेली, हिरवट. पलीकडे जवळ आलो तसे ते पक्षी दिसायला लागले. अंगाने राखाडी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. नदीसुरय, वहिनी म्हणाली. तिने नाव किनाऱ्याला लावू दिली नाही. "रामजतन भैया, थोड़ा दूर रोको। रेत में इनके बच्चे होंगे।" आम्ही नावेतूनच बघितलं. आधी काहीच दिसेना. मग मावशीच म्हणाल्या, "ती वाळू हलतेय गं." वाळूचाच रंग असलेलं एक पिल्लू पळत होतं, दोन पावलं, मग बसायचं आणि नाहीसं व्हायचं. एक सुरय आमच्या डोक्यावर येऊन ओरडू लागला, इतका खाली की मावशींनी पदर डोक्यावर ओढला. "अरे बाबा, नाही घेत तुझं," त्या त्याला म्हणाल्या.

मग नाव खालच्या बाजूला, पक्षी नव्हते तिथे लागली. बायका उतरल्या. मावशींनी चपला नावेतच काढून ठेवल्या आणि वाळूत पाय घालून काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. कुणी गोवऱ्या पेटवल्या, कुणी वांगी भाजायला घेतली. वहिनी काठी घेऊन वाळूत चालायला लागली. पाय रुतत होता, ती थांबत होती, पुन्हा चालत होती. मी आधार द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. आता जमतंय."

बाटी खाऊन, हात धुऊन आम्ही परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. मध्य प्रवाहात रामजतनने एकाएकी वल्ही थांबवली. काळे-पांढरे, लांब पंखांचे काही पक्षी रांगेने पाण्यावरून येत होते. नारिंगी चोच, खालचा भाग वरच्यापेक्षा लांब, आणि तो खालचा भाग पाण्यात बुडवून ते नदी चिरत चालले होते. मागे पाण्यावर बारीक रेघा उमटत होत्या. पाणचिरे. ते नावेच्या अगदी जवळून गेले. पंखांचा आवाजही नाही.  रेघा मिटल्यावर रामजतनने पुन्हा वल्ही उचलली.

काशीकडचा तीर समोर उन्हात चमकत होता. प्रभावतीमावशींनी वाळूचे पाय नावेच्या काठावर झटकले आणि वहिनीला विचारलं, "पद्मा, आता परत कधी?"

"परवा," वहिनी म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जायचंय."